वसईच्या अंकलचा किनारा

आखातात आलेल्या समस्त मराठी माणसांत कधीही रस्ता न चुकलेला माणूस एकच, आणि ते म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधले वसईचे अंकल. नव्वदच्या दशकातलं शारजा म्हणजे राउंडअबाउटांचं गाव. आम्ही एकेकाला तीन-तीन प्रदक्षिणा घालून शेवटी घरीच परत यायचो. अंकल मात्र नकाशा न उघडता वाळवंटातूनही माणसाला हव्या त्या दाराशी नेऊन उभं करत. एका हॉटेलच्या लाँड्रीत ते सुपरवायझर होते. कुणी रस्ता विचारायला फोन केला, तर तोंडी सांगून भागवणं त्यांना मंजूर नसे. "तिथेच थांब, हलू नको," म्हणत आणि अंगावरच्या कपड्यांनिशी गाडी काढत.

त्यांच्याकडे एक समुद्रकिनाराही होता. मालकीचा नव्हे, पण तोरा मालकाचा. खोर फक्कान बंदराच्या पुढे, दोन डोंगरांच्या बेचक्यात. ना पाटी, ना टपरी. चार होड्या, वाळत घातलेली जाळी आणि एक म्हातारा अरब कोळी. तो दर शुक्रवारी अंकलना कॉफी पाजायचा आणि दोघं तासभर अवाक्षर न बोलता मजेत बसायचे. आम्हाला तिथे प्रवेश मिळाला तो पाच वर्षांच्या शेजारानंतर, तोही अटींवर. टेपरेकॉर्डर नाही, शेगडी नाही, आणि परतताना कचरा उचलायचा, आपला आणि दुसऱ्याचाही. "बट अंकल, धिस इज नॉट अवर्स," माझ्या मुलीने एकदा कुरकुर केली. समुद्राला ते कुठे ठाऊक आहे, असं म्हणून त्यांनी तिच्या हातात पिशवी दिली. मग मला हळूच म्हणाले, "आमच्या गावचा किनारा असाच होता. पिकनिकची पहिली बस मीच आणलेली."

पुढे आमच्या शारजातल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींना या जागेचा वास लागला. वार्षिक सहल तिथेच ठरली. तीन बस, लाउडस्पीकर, रस्सीखेच आणि दीडशे माणसांची मिसळ. रस्ता दाखवायला अर्थात अंकल. कुणालाही नाही म्हणणं त्या माणसाच्या रक्तातच नव्हतं. ते नुसतं "इन्शाल्ला" म्हणाले, आणि मंडळाने तो होकार धरला.

सहलीच्या दिवशी ते पहिल्या बसमध्ये पुढे बसले, शेजारी मी. आमचं नेहमीचं वळण आलं तेव्हा अंकल वाकून बुटाची नाडी बांधू लागले. नाडी सुटलेली नव्हती. बस पुढे गेली तसा मी तोंड उघडणार होतो, पण त्यांच्या मानेवरचा घाम बघून गप्प बसलो. मग दीड तास त्यांनी आम्हाला डावी-उजवीकडे फिरवलं. पेट्रोल पंपावर उतरून चक्क रस्ताही विचारला. शेवटी बंदरासमोरच्या एका बागेत, क्रेनकडे बघत, सगळ्यांनी गार मिसळ खाल्ली. अंकलनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "माफ करा. डोकं चालत नाही आता. खलास."

त्यानंतर त्यांना कुणी रस्ता विचारला नाही. संध्याकाळी त्यांचा फोन वाजेनासा झाला. दोन वर्षांनी ते कायमचे वसईला निघाले, तेव्हा निरोप समारंभात सेक्रेटरींनी त्यांना होकायंत्र भेट दिलं. हॉल हसून लोटपोट झाला. मला ते सहन होईना. खरं काय ते सांगायला मी उठलो, तर अंकलनी माझी बाही धरली.

"बस रे," ते हसत म्हणाले. "मला हसतायत ना, हसू दे. तिथे तर जात नाहीत."

मी बसलो. त्यांच्यासारखं हसायला मात्र मला जमलं नाही.