सात गावांचा संघ आणि अण्णांचा प्रश्न

कोल्हापूरच्या स्टँडवर मला सोडायला अण्णा आले होते, आणि मला तिथूनच अवघडल्यासारखं झालं. अण्णा कुणाला सोडायला जात नाहीत. ते आमच्या पेठेच्या फुटबॉल संघाचे कोच. मैदानाच्या कडेनं पळत, ओरडत मॅच खेळवणारा माणूस. पेठेनं आजवर जे जिंकलं ते अण्णांच्या आवाजावर जिंकलं, असं जुने खेळाडू सांगतात. आता त्यांना जिल्ह्याच्या निवड संघानं, म्हणजे ठिकठिकाणचे खेळाडू निवडून केलेल्या संघानं, कोच म्हणून बोलावलं होतं. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं, आणि अण्णांचं ठरत नव्हतं.

"डोंबिवलीत जना म्हात्रे हाय," ते म्हणाले. "आम्ही कोचिंगचा कोर्स एकत्र केला. त्यानं गावच्या टीमला लई जिंकवलं, आणि आता सात गावांची मिळून टीम घेतलीया. कसं चाललंय बघून ये."

"फोन केला तर?"

"फोनवर कोण बी बरं चाललंय म्हणतंय. तू जा. तू कॉलेजला हायस, तुला समजंल."

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. त्यामुळे घरी आणि पेठेत सगळ्यांना वाटतं की मला विचारलं की उत्तर मिळतं. शेजारच्या मावशी औषधाची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे येतात. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बस सुटली तेव्हा अण्णा हात न हलवता नुसते उभे होते.

ठाण्यात उतरलो तेव्हा उजाडत होतं. माझा मामेभाऊ संदीपदादा कोपरीत राहतो. कोपरी स्टेशनच्या पूर्वेला आहे आणि मी पश्चिमेला गेलो. आमच्याकडे स्टेशन म्हणजे एक दार. इथं रुळांच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळी गावं वसलेली आहेत. एका फुलवाल्या बाईंनी मला विचारलं, "ईस्ट की वेस्ट?" मी म्हणालो, "कोपरी." त्या म्हणाल्या, "मग इथे कशाला आलास रे, पूल चढ परत."

संदीपदादा युरोपातल्या क्लबांच्या मॅचेस पाहून ऑफिसात पेंगणाऱ्यांपैकी आहे. कांदेपोहे खाताना मी त्याला अण्णांचा प्रश्न सांगितला. क्लबमध्ये मोठा झालेला कोच निवड संघात, म्हणजे अगदी देशाच्या संघातसुद्धा, चालतो का?

"अरे, सोप्पं आहे," तो म्हणाला. "क्लब म्हणजे जावई. उंची बघ, पगार बघ, नाही पटला तर दुसरं स्थळ. देश म्हणजे भाऊ. आईनं दिले ते दिले. डावा बॅक नाही? मग नाही. विकत आणता येत नाही."

"मग क्लबच्या कोचनं देशाकडे जाऊच नये?"

"असं कुठं म्हटलं मी? काही जण गेले आणि जिंकले."

"आणि बाकीचे?"

"आपटले."

"मग नक्की काय धरायचं?"

"तू पोहे खा," संदीपदादा म्हणाला. पण थोड्या वेळानं त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. क्लबच्या कोचला पोरं रोज भेटतात. देशाच्या कोचला ती लग्नाकार्यात भेटणाऱ्या चुलतभावांसारखी अधूनमधून भेटतात, आणि ओळख निघेपर्यंत पंगत उठते. मला हे पटलं. मग आठवलं की आमच्या चुलतभावांची लग्नातच सर्वांत जास्त गट्टी जमते.

दुपारी बसनं खाडीचा पूल ओलांडून कळव्याला गेलो. ओहोटी होती. पाणी आत सरकलेलं, काळा चिखल उन्हात चमकत होता आणि काठानं तिवरं (खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं) दाट उभी होती. संदीपदादाच्या ओळखीचा ओंकार तिथं राहतो. तो म्हात्रे काकांच्या सात गावांच्या संघात बचावफळीत खेळतो. तो मला त्याच्या गावच्या मैदानावर घेऊन गेला. मैदान लहान, आणि एका गोलच्या जाळीमागे लगेच खाडी.

"भाई, काका टॉपचा माणूस आहे," ओंकार म्हणाला. "त्यांच्या गावची पोरं बघ तू. डोळे बांधून पास देतात. पण आमच्या टीमकडे आल्यापासून त्यांना काही जमेना. पहिली मॅच हरलेलो आम्ही. उद्याची गेली तर टीमच मोडणार आहेत. सातही गावांच्या लोकांनी बसून ठरवलंय तसं."

"काय जमत नाही?"

त्यानं जाळीकडे बोट दाखवलं. "काकांच्या गावात मैदानाच्या एका अंगाला खाडी आहे, दुसऱ्या अंगाला रूळ. ते डावीकडे-उजवीकडे बोलतच नाहीत. खाडीकडे टाक, रुळाकडे टाक. तिथल्या पोरांना ते लहानपणापासून पाठ. माझी खाडी इथं, गोलकीपरच्या मागे. आमच्यात खाडीकडे म्हणजे बॉल मागे, कीपरला. काकांनी आवाज दिला की माझे पाय आधी वळतात, डोकं नंतर चालतं."

"मग त्यांना सांगायचं ना."

"कधी सांगणार? दोनच प्रॅक्टिस झाल्या. एकीला मी नव्हतो, चुलत बहिणीची हळद होती. दुसरीला डोंबिवलीची पोरं नव्हती, त्यांच्या गावात हळद होती."

आगरी गावांत लग्नापेक्षा हळद मोठी, हे मला तिथं समजलं. गावात हळद असली की त्या संध्याकाळी कुणी घरात सापडत नाही. एका गावाचा संघ असेल तर प्रॅक्टिस पुढे ढकलता येते, कारण सगळे एकाच मांडवात असतात. सात गावं म्हटली की उन्हाळ्यातली एकही संध्याकाळ मोकळी मिळत नाही. मला वाटलं, उत्तर मिळालं. अण्णांना सांगायचं, नका घेऊ. कोपरीला परतताना मी जरा खूश होतो.

रविवारी सकाळी डोंबिवलीला गेलो. पश्चिमेकडे उतरून रिक्षानं खाडीच्या अंगाला निघालो तसतशा इमारती विरळ झाल्या आणि एकदम कौलारू घरांचं गाव लागलं. म्हात्रे काका ओट्यावर बुटांच्या नाड्या ओवत बसले होते. काळे, सडपातळ, पांढऱ्या मिशा.

"अन्नानं धाडलेला पोऱ्या ना तू? कवा आयलास? अन्ना अजून वरडतंय का?"

"हो काका."

"वरडू दे. त्याचा वरडना म्हंजे त्याचा दम."

काकूंनी जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण (निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा छोटा मासा). मी तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेला. निवटीचे डोळे डोक्यावर असतात आणि ते कालवणातूनही बघतात. मी डोळे मिटून घास घेतला. काकू म्हणाल्या, "देवाचा नाव घेतंस का मासल्याला घाबरतंस?" चव मात्र इतकी चांगली होती की दुसऱ्यांदा मी मागून घेतलं.

नंतर काकांनी मला मैदान दाखवलं. ओंकारनं सांगितलं तसंच, एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला रूळ. गावची दहा-बारा पोरं उन्हातच खेळत होती. काका कडेला उभे राहून एक शब्द टाकायचे आणि चेंडू जाऊन बरोबर पडायचा. कुणी मान वर करून पाहत नव्हतं. मी पेठेत खूप फुटबॉल पाहिला आहे, पण हे पाहताना मला काहीतरी वेगळंच वाटलं. एखाद्या घरात सगळे न बोलता कामं करतात, तसं.

"काका, हे असं असताना सात गावांची टीम का घेतलीत?"

काकांनी बाहेर आलेला चेंडू पायानं आत ढकलला. "गावाचा मान व्हता. आन् मना वाटला, इथं जमला तं तिथं पन जमंल."

"जमलं का?"

"सांजला शहाडला ये. तूच बग."

शहाडचं मैदान उल्हास नदीच्या बाजूला आहे. समोरचा संघ कल्याणचा, बूट आणि मोजेसुद्धा सगळ्यांचे सारखे. आमच्या संघात (आता मी त्याला आमचा म्हणू लागलो होतो) सात गावांचे सात तऱ्हेचे मोजे. काका कडेनं पळत होते, अगदी अण्णांसारखे. सुरुवात बरी झाली. नदी मैदानाच्या एका अंगाला होती, त्यामुळे डोंबिवलीच्या पोरांनी तिलाच खाडी मानलं आणि काकांच्या हाकेवर चेंडू बरोबर तिकडे जाऊ लागला. मला वाटलं, ओंकारनं उगाच घाबरवलं.

मग ओंकारकडे चेंडू आला. समोरून दोघं अंगावर आले. काका ओरडले, "खाडीकडं टाक." ओंकार गर्रकन वळला आणि चेंडू त्यानं स्वतःच्या गोलकडे मारला. गोलकीपर पुढे आलेला होता. चेंडू त्याच्या बाजूनं सावकाश घरंगळत जाळीत गेला. मग पाहणाऱ्यांतून एक आवाज आला, "कळव्याची भरती लवकर आली रे," आणि लोक हसले.

मध्यंतरात ओंकार पाणी न पिता काकांसमोर उभा राहिला. "काका, आमची खाडी मागे आहे. माझ्या पायाला तुमची खाडी माहीत नाही."

मला वाटलं काका आता त्याला झापणार. अण्णांनी झापलं असतं. काकांनी मात्र एकेकाला जवळ बोलावून विचारलं, "तुजी खाडी कुठं?" कोपरीच्या पोरानं एकीकडे हात केला, दिवा गावच्या पोरानं दुसरीकडे. शहाडचा एकजण म्हणाला, "आमच्याकडे खाडीच नाही काका, नदी आहे." डोंबिवलीचा एक पोरगा लगेच म्हणाला, "मग तू मधोमध उभा राहा, वाहून जाशील." पोरं हसली. काकाही हसले, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

"मंग वरडून काय उपेग नाय," ते म्हणाले. "ओंकार, तू मागं हायस, तुला सगला मैदान दिसतं. तू बोल. नाव घेऊन बोल."

दुसऱ्या हाफला काका एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. दोन-तीनदा उठले आणि परत बसले. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरलेले. ओंकार एकेकाचं नाव घेऊन ओरडत होता. निम्म्या वेळा चुकत होता. पण शेवटाकडे त्याच्या हाकेवर शहाडच्या त्या पोरानं चेंडू घेतला, पुढे दिला आणि दिव्याच्या पोरानं गोल केला. मॅच बरोबरीत सुटली. संघ मोडणार नव्हता.

पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती. मी काकांकडे गेलो आणि विचारलं, "काका, अण्णांना काय सांगू? घ्यावी का त्यांनी जिल्ह्याची टीम?"

ते खुर्चीतच होते. "लय वंगाल गेला रं हा हाफ. माजे पोरान्ला मी असा कवा सोडला नाय."

"पण गोल झाला ना."

"जाला. मी इथं नसतो तरी जाला असता का, ता सांग."

खुर्चीवर बसायचं त्यांनीच ठरवलं, ओंकारला त्यांनीच निवडलं, म्हणजे गोल त्यांचाच. पण त्यांना जे येतं, ज्यामुळे त्यांना बोलावलं, त्यातलं काहीच त्या गोलात नव्हतं. काका यशस्वी झाले की त्यांनी स्वतःला बाजूला काढलं म्हणून संघ वाचला? कल्याणहून बसनं परत येताना मी हे दोन्ही बाजूंनी मनात मांडून पाहिलं. प्रत्येक वेळी जे शेवटी मांडलं तेच खरं वाटलं.

सोमवारी सकाळी अण्णा मैदानाजवळच्या चहाच्या गाड्यावर वाट बघत होते. मी सगळं सांगितलं. जावई आणि भाऊ, हळदी, ओंकारचा गोल, सगळं. शेवटी म्हणालो, "अण्णा, मला कळलेलं नाही. खोटं कशाला बोलू."

अण्णांनी माझ्या कळण्याबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "जना बसला? पुरता हाफ?"

"उठत होते मधे. पण बसले."

"जना?"

"हो."

त्यांनी चहा संपवला आणि माझ्यासमोरच जिल्ह्याच्या सेक्रेटरींना फोन लावला. "येतो म्हणून लिवा," ते म्हणाले. "आणि तेवढी एक खुर्ची ठेवा माझ्यासाठी, लाइनीजवळ." फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू हे उत्तर मीच डोंबिवलीहून आणलं होतं.

मैदानावर सकाळची पोरं सराव करत होती, तेवढ्यात कुणीतरी चुकीचा पास दिला. अण्णा गाड्यावरूनच ओरडले आणि कप माझ्या हातात देऊन पळत सुटले.