पैऱ्याची गोळी

मुरगूडच्या अलीकडं, वेदगंगेच्या काठाला आमचं गाव. गावाच्या दूध संस्थेत मिसरूड फुटलं तेव्हापासून मिशा पिकेपर्यंत अण्णासो खोतच दूध घ्यायला बसले. किटलीचं झाकण उघडलं की ते नाक खाली न्यायचे. वास आंबूस आला की झाकण पुन्हा लावायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "धोंडुबाई, परत न्या." एवढंच. पण भरली किटली घेऊन सगळ्या रांगेसमोरनं घरी जाणं म्हणजे काय, ते जिनं सोसलं तिलाच ठाऊक. किटली परत मिळाली त्या दिवशी धोंडुबाई गल्ली सोडून ओढ्याच्या वाटेनं गेली. अण्णासोंना त्यात काही वावगं वाटलं नाही.

हेच अण्णासो देण्यात मात्र सैल. शेजारच्या पिराजीशी त्यांचा बापजाद्यांपासूनचा पैरा. आज तुझे बैल माझ्या रानात, उद्या माझे तुझ्या. पुढं बैल गेले, ट्रॅक्टर आले, तरी पैरा तुटला नाही. बियाणं असो, तंबाखू असो, घरात आलेल्यातलं अर्धं पिराजीचं.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात अण्णासोंच्या छातीत कळ आली. कोल्हापुरात नेलं. हृदयाची नळी बंद झाली होती. डॉक्टरांनी जांघेतनं तार घालून फुगा फुगवला आणि नळीत स्प्रिंग बसवली. घरी सोडताना सिस्टर निशाताईंनी बजावलं, "मामा, ही रक्त पातळ करायची गोळी. रोज घ्यायची. चुकवायची नाही."

गावात आल्यावर बायको बायडाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. संध्याकाळी पिराजी आला.

"मलाबी चढ लागला की छातीत धरतंय," तो म्हणाला. "तुझ्या गोळीनं गुण आलाय म्हणं."

"आलाय की. बघ, रेड्यागत हिंडतोय."

"तू आदीबी रेडाच हुतास."

अण्णासोंनी हसत पाकीट मधोमध मोडलं. पैऱ्याचा बैल जसा एक दिवस इकडं, एक दिवस तिकडं, तशी गोळी एक दिवस ह्यांची आणि एक दिवस त्याची झाली. यात कुणाला विचारण्यासारखं काही आहे, असं दोघांनाही वाटलं नाही.

श्रावण सरायच्या आत कळ परत आली. अण्णासो ती दाबून दूध घेत बसले. शेवटी बायडाबाईंनी ओळखलं.

"सोडताना डॉक्टर म्हणालं हुतं, आता आमचं तोंड बघू नका," अण्णासो म्हणाले. "मी कुठल्या तोंडानं जाऊ?"

"तोंड ठेवा हितंच. छाती घेऊन चला."

कोल्हापुरात नळी पुन्हा मोकळी करावी लागली. सकाळी डॉक्टर आणि निशाताई कॉटजवळ आले तेव्हा अण्णासोंनी डोळे मिटून घेतले. आता वॉर्डभर आपलं नाव निघणार. पण डॉक्टर खुर्ची ओढून बसले.

"काका, नळी मोकळी करून पाठवलेला माणूस लवकर परत आला, तर आम्ही आधी आमची चूक शोधतो. कितीजणांना परत यावं लागलं, त्यावरनंच आमचं काम कळतं. गोळी रोज घेत होता?"

"व्हय."

"रोज?"

"रोज की."

डॉक्टरांनी केसपेपर मिटला. मग निशाताईंना म्हणाले, "स्प्रिंग माझ्याकडूनच नीट बसली नसेल."

"नाही सर, मीच त्यांना नीट समजावलं नसेल."

दोघंही आपापल्या पदरात चूक घेत होती, आणि खोटं बोललेला माणूस मध्ये पडून ऐकत होता. अण्णासोंना दुधाची रांग आठवली. दूध का नासलं, भांडं वाईट होतं की आपणच संस्था उशिरा उघडली, हे त्यांनी एकाही बाईला कधी विचारलं नव्हतं.

"रोज न्हाय घेतली," ते म्हणाले. "दिवसाआड घेतली."

"का?"

कारण सांगायचं तर पिराजीचं नाव येणार. अण्णासोंनी नाव गाळलं. "निम्म्या दुसऱ्याला दिल्या. त्याच्याबी छातीत धरत हुतं."

डॉक्टर उठून उभे राहिले. रागावले असते तर अण्णासोंना बरं वाटलं असतं. "त्याला कुणी तपासलंय? पोटात आधीच जखम असेल तर ह्या गोळीनं रक्त सुटतं. कुठाय तो?"

अण्णासोंना एवढा वेळ वाटत होतं, गोळ्या वाटल्यानं धोका असला तर आपल्याच जिवाला.

बायडाबाईंनी पदर तोंडाला लावला. "पिराजीभावजी भाईरच बसल्यात. ह्यास्नी बगाय आल्यात."

पिराजी टोपी हातात धरून आत आला. निशाताईंनी हळू आवाजात विचारलं, "मामा, शौचाला काळं होतंय का?"

"हुतंय की. म्हटलं, गोळीचा रंग उतरत असंल."

शेजारच्या कॉटवरचा माणूस हसला. डॉक्टर हसले नाहीत; काळं म्हणजे पोटात सुटलेलं रक्त. त्यांनी पिराजीला तिथंच निजवलं आणि रक्त काढायला सांगितलं.

सुई बघून पिराजीनं मान वळवली. "आण्णा, दुखणंबी निम्मं दिलंस की रं."

त्याला चेष्टाच करायची होती. अण्णासोंनी चादर तोंडावर ओढून घेतली. गोळी कधीपासनं दिली, उपाशीपोटी की जेवल्यावर, निशाताई एकेक विचारत गेल्या, आणि अण्णासो चादरीखालनंच सगळं खरं सांगत गेले.