तिसरा आग्रह

आर्विड टोलेफसनकडे मांजर नव्हतं. हे तो स्वतःच सांगायचा, मांडीवर मांजर घेऊन.

मांजर शेजारच्या मार्लिसचं. तिने त्याचं नाव डचेस ठेवलं होतं. आर्विड नुसतं 'मांजर' म्हणायचा, कारण दुसऱ्याच्या मांजराशी एवढी सलगी बरी दिसत नाही. जन्मभर त्याने रस्त्यावरचा बर्फ काढायचा ट्रक चालवला, आणि बायको गेल्यापासून तो एकटाच होता. मी समोरच्या घरात राहते. मिनेसोटात हिवाळाभर खिडकीतून बघण्याखेरीज दुसरा उद्योग नसतो, त्यामुळे मला सगळं ठाऊक.

डचेस सकाळी मार्लिसकडे पोटभर खायची आणि लगेच आर्विडच्या दाराशी येऊन, आठवडाभर उपाशी असल्यासारखी ओरडायची. टेबलावरचा कप पंजाने हळूहळू कडेला सरकवून खाली पाडायचा, हा तिचा छंद. बरेच कप फुटल्यावर आर्विडने कप टेबलावर ठेवायचंच सोडलं. कॉफी संपेपर्यंत तो कप हातात धरून बसायचा. आरामखुर्ची तिची झाली, आणि टीव्ही बघायला तो स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची आणू लागला. रविवारी ती त्याच्या गाडीच्या बॉनेटवर झोपलेली असली, की तो चर्चला चालत जायचा. या वयातही व्यायाम करता, म्हणून पाद्रीबाईंनी त्याचं कौतुक केलं. त्याने खुलासा केला नाही.

मग मार्लिसचे गुडघे कामातून गेले. तिची मुलगी, जोडी नावाची, तिला कायमची ॲरिझोनाला न्यायला आली. जावयाला मांजराने शिंका येतात. तेव्हा आर्विडने मांजर घेतलं तर ठीक, नाहीतर जाता जाता ते प्राण्यांच्या निवाऱ्यात सोडायचं ठरलं.

आता, आमच्याकडे कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा 'तुला त्रास नसेल तर' म्हणत घ्यायचं. केकचा तुकडा असो की मासेमारीची होडी, नियम एकच. आधीच हो म्हणणारा हावरा ठरतो. जोडी इथेच वाढली, पण बाहेर राहून हे सगळं विसरली होती.

निघताना तिने आर्विडला विचारलं, मांजर ठेवून घ्याल का. तो म्हणाला, नको, नको, तुमचं मांजर. मग मार्लिसने विचारलं, घे रे, तुला सोबत होईल. तो म्हणाला, माझं काय, मी बरा आहे.

"मग झालं तर," जोडी म्हणाली आणि मांजराची पेटी उचलून गाडीत ठेवली.

आर्विड अंगणात खांबासारखा उभा राहिला. आदल्या संध्याकाळी त्याने मांजराला घरात शी-शू करायला लागते त्या वाळूचं पोतं आणून, वर घोंगडी टाकून पोर्चमध्ये लपवलेलं मी पाहिलं होतं. आपणहून मागायची तर सोयच नाही. मला त्याचा असा संताप आला, की खिडकी उघडून ओरडावंसं वाटलं. पण दुसऱ्याच्या भानगडीत पडणंही आमच्यात बसत नाही. मी खिडकी तेवढी उघडली.

गाडी मागे येत माझ्या खिडकीखाली थांबली. दार उघडून मार्लिस उतरू लागली.

"आई, दोनदा विचारलं ना त्यांना?"

"दोनदाच विचारलंय," मार्लिस म्हणाली.

त्या गुडघ्यांवर, पेटी छातीशी धरून, ती बर्फातून आर्विडपर्यंत चालत गेली. तो पुढे आला नाही. पुढे येणं म्हणजे अर्धं मागणंच.

"आर्विड," ती म्हणाली, "ही डचेस तू जर—"

"हो," आर्विड म्हणाला.

तिचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं. मार्लिसने पेटीच्या जाळीतून बोट आत घालून मांजराचं नाक खाजवलं, डोळे पुसले आणि पेटी त्याच्या हातात दिली.

'तुला त्रास नसेल तर' हे म्हणायचं तो साफ विसरला.