साहेबांच्या नावाची चादर

आमच्या सोलापुरात कुणाचा मान करायचा तर चादरीत त्याचं नाव विणून द्यायचं. जावई असो नाहीतर निवृत्त होणारा पोस्टमन, टपोऱ्या अक्षरांत नाव दिसलं की माणूस फुलतो. त्या नावांचे आराखडे काढणं हे सत्तरच्या दशकात माझं काम. कारखान्यात सगळे मला मास्तर म्हणत आणि मीही ते ऐकून फुलत असे.

मालकांनी आठ नवे माग घेतले होते, पण विजेची जोडणी मिळेना. वर्षभर त्यांनी नुसते अर्ज केले. लाच म्हटलं की त्यांना शिसारी. समोरच्या कारखानदाराने वीज कचेरीतल्या साहेबांना खूश केलं आणि पंधरवड्यात त्याचे माग खडखडू लागले. नव्या मागांसाठी ठेवलेले आमचे विणकर ओट्यावर बसून तो आवाज ऐकत. त्यातल्या एका वयस्क विणकराचं घर बायकोच्या विड्या वळण्यावर चाललं होतं.

शेवटी मालक वाकले. "साहेबांना एक चांगली चादर द्या," मला म्हणाले.

चांगली म्हणजे काय, हे मला कोण शिकवणार? साहेबांचं नाव, खाली हुद्दा, त्याखाली आमच्या कारखान्याचं नाव, सगळं लालभडक. एका जुन्या मागावर त्याच विणकराकडून विणून घेतलं. तो म्हणाला, "मास्तर, कशाबद्दल दिली तेवढं लिवायचं ऱ्हायलं की."

मी हसलो. साहेब हसले नाहीत. भर कचेरीत घडी उलगडून त्यांनी हलकेच विचारलं, "ही अंथरायची का कोर्टात दाखवायची?" आमचा अर्ज पुन्हा तळाला गेला.

पुढच्या खेपेस मालक स्वतः गेले, कोरं पाकीट घेऊन. आठवड्यात वीज आली.

"आपण हक्काचंच मागत होतो की हो," मालक माझ्याकडे न बघता म्हणाले.

मग कारखाने तपासणारे निरीक्षक आले. नव्या मागांच्या पट्ट्यांना संरक्षक जाळ्या नव्हत्या. त्या बसवायच्या तर माग दोन दिवस बंद, आणि समोरचा काही थांबत नव्हता. निरीक्षक दारातूनच वळले. चादरींचा गठ्ठा त्यांच्या टांग्यात मीच ठेवला.

दिवाळीआधी त्या वयस्क विणकराचा हात पट्ट्यात गेला. कोपरापासून. त्याची बायको भरपाई मागायला आली, तेव्हा मालकांनी तिला निरीक्षकांचा कागद वाचून दाखवला. जाळ्या आहेत, असं त्यात होतं.

"त्यानंच काढली असणार," मालक म्हणाले.

ती माझ्याकडे वळली. "मास्तर, तुमी तर हितंच असता. जाळी होती का?"

होती, असं मी म्हणालो.