न ऐकू आलेली शिट्टी

खरं नाव घरच्यांना ठाऊक, बाजारात त्याला सगळे कानसेनच म्हणायचे. गाणारा तो तानसेन, ऐकणारा तो कानसेन. आणि हा पठ्ठ्या तीस वर्षं निव्वळ ऐकण्यावर पोट भरत होता. पेट्रोल पंपामागच्या गल्लीत दुकान. एक गाडी आत मावेल एवढी जागा, भिंतीवर वायरींची भेंडोळी, कोपऱ्यात पोट उघडं टाकलेले स्पीकर. गाडीतला अँप, म्हणजे आवाज मोठा करणारा डबा, तापतोय, वूफर फाटका वाजतोय, एका बाजूचा आवाजच गेलाय, काहीही तक्रार घेऊन या. हा मीटर नंतर काढणार. आधी ड्रायव्हरच्या सीटवर बसून डोळे मिटणार. मग म्हणणार, उजव्या दारातली वायर बघायला हवी. आणि नेमकी तीच तुटलेली निघायची. असल्या माणसाला कोण काय बोलणार?

नवा अँप बसवायचीही त्याची एक पद्धत होती. शहाणे लोक बॅटरीची जाड वायर गाडीच्या एका बाजूने नेतात आणि गाण्याची बारीक वायर दुसऱ्या बाजूने. दोन्ही शेजारी पडल्या तर इंजिनाची कुरकुर गाण्यात शिरते आणि स्पीकरमधून बारीक शिट्टी वाजते, जसा अ‍ॅक्सिलरेटर दाबाल तशी चढत जाणारी. कानसेनला हे माहीत नव्हतं असं नाही. पण शिट्टी काही प्रत्येक गाडीत येत नाही, मग प्रत्येक गाडी दोन्ही बाजूंनी कशाला उचकटायची? तो दोन्ही वायरी जवळच्या वाटेने एकत्र टाकायचा, इंजिन चालू करून ऐकायचा, आणि शिट्टी आली तरच एक वायर काढून पलीकडून न्यायचा. त्याचा कान होता म्हणून त्याला हे शोभायचं.

एकदा एका नर्सबाईंची गाडी आली. हॉस्पिटल घरापासून तासाभराच्या वाटेवर. जाता-येता गाणी ऐकायची, तेवढाच काय तो दिवसातला त्यांचा स्वतःचा वेळ. गाणं रंगात आलं की अँप बंद पडायचा. कानसेनने बघितलं तर बॅटरीकडून येणारी वायर सुतळीएवढी बारीक, बिचाऱ्या अँपची उपासमार चाललेली. त्याने बोटाएवढी जाड वायर नेहमीसारखी गाण्याच्या वायरीशेजारूनच टाकली, नवा मोठा अँप बसवला, इंजिन चालू करून डोळे मिटले, काही ऐकू आलं नाही, दारांखालच्या पट्ट्या बसवून गाडी दिली. बाई खूश होऊन गेल्या.

चार दिवसांनी परत हजर. आवाज छान आहे म्हणाल्या, पण मागून शिट्टी वाजते. कानसेन सीटवर बसला, डोळे मिटले, अ‍ॅक्सिलरेटर दाबला. कुठली शिट्टी न काय! तरी गिऱ्हाइकाचं मन राखायचं म्हणून त्याने डिकीतली अर्थिंगची जागा रंग खरवडून लखलखीत केली आणि बोल्ट पुन्हा आवळला. आठवड्याने बाई पुन्हा आल्या, तेव्हा त्याने गाण्याची वायरच नवी घातली, पण अर्थातच जुनीच्याच जागी. वर समजूतही काढली, की नव्या अँपचा आवाज स्वच्छ असतो, कानाला सवय व्हायला वेळ लागतो. बाईंनी मान डोलावली.

तिसऱ्यांदा त्या आल्या ती दुपारची वेळ होती आणि कानसेनची बायको डबा घेऊन आली होती. आली ब्याद, असं त्याच्या मनात येऊन गेलं. उगाच कशाला खोटं बोला. पण बाई भांडायला आल्याच नव्हत्या. त्यांनी पर्समधून एक कागद काढला.

"तुम्ही शिट्टी नाही म्हणालात, म्हणजे गाडीत नसणारच," त्या म्हणाल्या. "मग म्हटलं, माझेच कान बिघडले असतील. आमच्याच हॉस्पिटलात तपासून घेतले. डॉक्टर म्हणतात, कान ठणठणीत आहेत. आता मी काय करू, तुम्हीच सांगा."

कानसेनने तो कागद उलटा-सुलटा करून पाहिला. भांडणारी गिऱ्हाइकं त्याने ढिगाने पाहिली होती. पण त्याच्या शब्दाखातर स्वतःच्या कानांवरचा विश्वास उडालेली ही पहिलीच. त्याने बायकोला गाडीत बसायला सांगितलं. मला मेलीला त्यातलं काय कळतंय, असं पुटपुटत ती शेजारच्या सीटवर बसली. गाणं थांबवून त्याने हळूहळू पाय दाबला.

"येतेय की," बायको म्हणाली. "तुम्ही दाबाल तशी चढतेय."

त्याने पाय आणखी दाबला. त्याला फक्त इंजिन ऐकू येत होतं. बायको खालच्या आवाजात म्हणाली, "अहो, तुमच्या फोनची घंटी मीच बदलली. आधीची बारीक होती, ती तुम्हाला ऐकूच यायची नाही. दोन वर्षं झाली."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? अख्खा बाजार तुम्हाला कानसेन म्हणतो."

त्याने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला. भीती वाटली, लाजही वाटली. मग खाली उतरून नर्सबाईंसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, शिट्टी आहे. मला ती ऐकू येत नाही."

बाईंनी इतका मोठा सुस्कारा सोडला की त्याला आणखीच वाईट वाटलं. मग त्याने दारांखालच्या पट्ट्या काढल्या, गाण्याची वायर बाहेर ओढली आणि दुसऱ्या बाजूने नेली. इंजिन चालू होतं, बायको आत बसली होती, आणि हा डोळे मिटायच्याऐवजी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. तिने हात वर केला. गेली म्हणाली. नर्सबाईंनीही बसून खात्री केली, आणि गाणं मोठं करून गेल्या.

डबा तसाच राहिला. दोन वर्षांत अशा किती गाड्या जवळच्या वाटेने बांधून दिल्या, ते कानसेन आठवू लागला. तक्रार तर कुणाचीच नव्हती. बायको म्हणाली, मग त्यांच्यात नसेल शिट्टी. त्याने खात्रीसाठी एका जुन्या गिऱ्हाइकाला फोन लावला. हा लांबच्या प्रवासाची टॅक्सी चालवायचा, गाण्यांचा भारी शौकीन.

"शिट्टी ना? आहे की, पहिल्या दिवसापासून," टॅक्सीवाला म्हणाला. "पण तुम्ही ऐकून पास केलेली गाडी, म्हटलं आता याहून चांगलं कोण करणार? मी गाणी लावायचंच सोडून दिलं."

कानसेन म्हणाला, उद्या सकाळी गाडी घेऊन या. मग त्याने बायकोला विचारलं, उद्या सकाळी तू मोकळी आहेस का.