पोटात घातलेली माणसं

डॉक्टरने ‘चरबी’ म्हटलं म्हणून त्याच्याशी अबोला धरणारा मधुमेही साऱ्या मुंबईत एकच झाला, आणि तो माझा थोरला साडू होता. बायको त्यांना भावजी म्हणे, म्हणून मीही भावजीच म्हणत असे. मुलुंडला पूर्वेला दोन खोल्यांत ते आणि ताई, म्हणजे माझी मोठी मेहुणी, असे दोघेच राहत. भावजींचे हातपाय अगरबत्तीसारखे, आणि मध्ये पोट असं की दारातून आधी ते आत येई आणि मग सावकाश भावजी येत. मूर्तिकाराने घाईत एकाच्या धडाला दुसऱ्याचे हातपाय चिकटवावेत तसा सगळा प्रकार. हे लिहिताना मला अपराधी वाटतं. तसं मला बहुतेक गोष्टी करताना वाटतं, पण इथे कारणही आहे. ते पोट भावजींनी एकट्याने वाढवलेलं नव्हतं, त्यात माझाही हात होता, असं खुद्द त्यांचंच म्हणणं होतं.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. साखरेचा आजार भावजींना बऱ्याच वर्षांचा. चहा बिनसाखरेचा घ्यायचा, हे पथ्य ते निष्ठेने पाळत. सोबत शंकरपाळी किती घ्यायची याबद्दल कोणी काही सांगितलेलं नसल्यामुळे ती मोजत नसत. त्याच वेळी स्टेशनजवळ एक तरुण डॉक्टर नव्याने बसला होता, ताजं ताजं वाचून आलेला. त्याने भावजींना झोपवलं, पोटावर टिचकी मारली आणि म्हणाला, “काका, इन्सुलिन तुमच्या अंगात आहे, भरपूर आहे. पण ही पोटातली चरबी त्याला काम करू देत नाही, म्हणून साखर रक्तात तशीच फिरत राहते. चरबी उतरवा, साखर आपोआप उतरेल.” भावजींनी यातला एकच शब्द ऐकला. आपल्याकडे चरबी चढते ती माजलेल्या माणसाला, आणि ती उतरवतात ती चार लोकांत. घरी येऊन ते ताईंना म्हणाले, “अगं, माझी चरबी उतरवतो म्हणाला. तोंडावर. जन्मात साहेबासमोर मान वर केली नाही मी, आणि हा कालचा पोरगा माझी चरबी काढतो.”

“मग तुम्ही काय म्हणालात?” ताईंनी विचारलं.

“काय म्हणणार? थँक्यू म्हणालो आणि आलो.”

तेव्हापासून दवाखान्याची पाटी दिसली की ते पलीकडच्या फुटपाथवर जात. भेटेल त्याला सांगत, “डॉक्टर हुशार आहे, पण जिभेला हाड नाही.” हा अबोला जन्मभर टिकला असता, पण मध्येच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं, “आधी साखर खाली आणा, मग ऑपरेशन. तोवर मी हात लावणार नाही.”

आता भावजींना डोळे वाचण्याबिचण्यासाठी फारसे लागत नसत. त्यांना ते लागत कॅरमसाठी. सोसायटीच्या गणपतीत कॅरमच्या स्पर्धा होत, आणि सोसायटी उभी राहिल्यापासून पंच एकच: भावजी. त्या वर्षी अंतिम सामन्यात एक सोंगटी रेषेवर आहे की आत, हे बघायला ते बोर्डावर ओणवे झाले. बेंबीवरचं बटण बरेच दिवस प्राण कंठाशी आणून उभं होतं, ते सुटलं, टणकन बोर्डावर पडलं आणि घरंगळत जाऊन खड्ड्यात गेलं. भावजींनी शांतपणे हात वर केला. “व्हाइट गेली. चालू ठेव.”

“काका, ते तुमचं बटण आहे,” खेळणारा म्हणाला.

“असेल. पण गेलं ना? पंचाचा निर्णय शेवटचा.”

“मग मी पण शर्ट काढतो यार,” समोरचा म्हणाला. “माझी पण चार बटणं आहेत.”

मांडवात हसून हसून लोकांची वाट लागली. मीही हसलो, आणि लगेच मला वाईट वाटलं. सामना संपल्यावर सेक्रेटरी म्हणाले, “काका, पुढच्या वर्षी तुम्ही नुसते खुर्चीवर बसा, मान म्हणून. पंच दुसरा बघू.” भावजींनी हातातला मोदक तसाच ताटलीत ठेवला. त्यांच्या हातातून मोदक परत गेलेला मी प्रथमच पाहिला. जिन्यात मला म्हणाले, “पंच नाही तर मग मी कोण रे? ताईचा नवरा?”

ताईंनी मला मध्यस्थीला पाठवलं. मी त्या तरुण डॉक्टरला भेटलो आणि भावजींना येऊन सांगितलं की चरबी म्हणजे मेद, त्यात माज वगैरे काही नाही. “मग मेद म्हणायचं,” भावजी म्हणाले. “शिकलेला आहे ना?” अबोला सुटला. पण मग त्यांना नवा प्रश्न पडला: हा मेद आला कुठून? दोन पोळ्या खाणाऱ्याच्या पोटात एवढा माल कसा? (दोन पोळ्या घरच्या. बाकी ज्यांच्या ज्यांच्या घरी ते जात, तिथे नको म्हटलं तर वाईट दिसतं म्हणून जे खात, ते त्या घरांच्या हिशेबात.) आठवडाभर विचार करून ते मला घेऊन दवाखान्यात गेले आणि म्हणाले, “डॉक्टर, सापडलं. मी जन्मभर लोकांचे अपराध पोटात घातले. कोणाला कधी बोललो नाही. ते सगळे आत बसलेत, तेच तुमच्या इन्सुलिनला काम करू देत नाहीत.”

बाहेर पेशंटची रांग होती. डॉक्टरने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “काका, जे काय घातलं असेल ते काढून टाका. फक्त प्रत्येकाकडे चालत जाऊन काढा.”

आणि भावजी निघाले. रोज सकाळी पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला मफलर, आणि मनात एक माणूस. भांडुपला ताईंच्या एका चुलतभावाच्या दारात उभे राहून ते म्हणाले, “माझ्या लग्नात सगळ्या पंगतीला मठ्ठा वाढलात आणि मला विचारलं नाहीत.” तो म्हणाला, “भावजी, मी तेव्हा चौथीत होतो.” “मग वाढायला कशाला उभा राहिलास?” असं विचारून भावजी उलटपावली परत. घाटकोपरला ऑफिसातल्या जुन्या मित्राकडे, त्याने नेऊन परत न केलेली छत्री पोटातून काढायला गेले. तो बिचारा खरोखरच आतून एक छत्री घेऊन आला. “पोटातून काढली, आता परत काय देतोस?” म्हणाले, आणि घेऊनही आले. मुलुंडच्या मासळीबाजारात एका कोळणीला त्यांनी कधीकाळची शिळी सुरमई ऐकवली. ती हातातला कोयता न थांबवता म्हणाली, “मग खाल्लीस कशाला? खाल्लं ते पोटानच जानार ना, बाबा.” एवढं एकच उत्तर त्यांना पटलं. तिथे ते थोडा वेळ उभे राहिले आणि बांगडे घेऊन आले.

या उद्योगात एक गोष्ट अशी झाली की भांडायला गेलेल्या घरी चहा घ्यायचा नसतो. चहा नाही म्हणून शंकरपाळी नाही, चिवडा नाही, आग्रहाचा शिरा नाही. आणि भांडण कितीही छोटं असलं तरी ते भांडुपला किंवा घाटकोपरलाच असे. ताईंना हळूहळू लेंग्याच्या नाडीची टोकं लांब लोंबताना दिसू लागली. मग एकदा त्यांनी ती कात्रीने कापलीच. साखर उतरू लागली. डॉक्टर म्हणे चालण्याने, भावजी म्हणत मठ्ठा निघाल्याने.

इकडे पार्ल्याला माझी झोप उडाली होती. माझा नंबर कधी तरी लागणार हे उघड होतं. मी काय केलं होतं? काय नव्हतं केलं, असंच विचारायला हवं. मी त्यांच्या बटणावर हसलो होतो. त्यांच्या आईच्या तेराव्याला जेवून मी लगेच निघालो होतो. त्यांच्याबद्दल ‘मूर्तिकाराची चूक’ हा विनोद मीच बायकोला सांगितला होता, आणि बायको ताईंची बहीण होती. या काळजीने मी रात्रंदिवस काहीतरी तोंडात टाकू लागलो आणि माझीच पँट कमरेला लागेना. एके दिवशी भावजी आमच्या चाळीतल्या शेजाऱ्यांकडे आले, कुठल्याशा लग्नातल्या फेट्यावरून त्यांना झापलं, आणि माझ्या दारावरून सरळ निघून गेले.

“तुमचं काही नसेलच त्यांच्या पोटात,” बायको म्हणाली.

“काहीच नसेल?” मी म्हटलं. तेही मला सहन होईना.

ऑपरेशनची तारीख मिळाली तेव्हा मीच मुलुंडला गेलो. भावजी खिडकीशी बसले होते, अर्धे उरलेले. समोर कॅरमबोर्ड, त्यावर पावडर टाकून ते अंदाजाने हात फिरवत होते. मी धीर करून विचारलं, “भावजी, माझं काय आहे पोटात? एकदा काढून टाका ना.”

“तुझं?” ते म्हणाले. “तुझं भरपूर आहे.”

“मग काढलं का नाहीत? घरावरून गेलात.”

त्यांनी बोर्डावरची पावडर पुन्हा सारखी केली. “डॉक्टर म्हणतो आता पुरे, आणखी उतरू नका,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “अरे, ज्यांचं ज्यांचं काढलं ना, त्यातला एकही परत आला नाही. छत्रीवाला नाही, मठ्ठ्यावाला नाही. दिवाळीत तेवढी ती कोळीण विचारून गेली. घर कसं मोकळं मोकळं झालंय बघ. म्हटलं, एक तरी माणूस ठेवावा आत.”

स्वयंपाकघरात ताईंची भांडी वाजत होती. भावजींनी स्ट्रायकर माझ्या पुढे सरकवला आणि म्हणाले, “खेळ. सोंगटी गेली की सांग मात्र. मला दिसत नाही, म्हणून खोटं बोलू नकोस.”

ऑपरेशन झालं, जाड काचांचा चष्मा आला, आणि पुढची काही वर्षं भावजींनी पंचाची खुर्ची सोडली नाही. मी दर रविवारी जात राहिलो. माझ्या नावावर काय काय होतं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही पुन्हा विचारलं नाही. आता ते नाहीत. माझी साखर वाढली आहे आणि डॉक्टर मलाही पोट कमी करा म्हणतात. चालायला मी रोज निघतो, पण मला कोणाकडे काही काढायला जायचं नसतं, म्हणून कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येतो.