करवली बसेल अशी गाडी

बुधवार, १२ फेब्रुवारी. सकाळचं काम : एका पांढऱ्या सेडानच्या कापलेल्या स्प्रिंगा काढणे.

गाडी जॅकवर होती आणि तिचा मालक हर्षल तिच्याभोवती फेऱ्या मारत होता. रविवारी त्याचं लग्न. याच गाडीतून मांडवात जायचं आणि याच गाडीतून नवरी घरी आणायची, असं त्याने ठरवलं होतं. अडचण एकच. करवली गाडीत बसायला तयार नव्हती.

करवली म्हणजे त्याची मोठी बहीण मनीषा. तिच्या मणक्याचं ऑपरेशन होऊन सहा महिने झाले होते. ती हर्षलबरोबरच आली होती, पण रिक्षाने.

"मॅडम, याच्या गाडीतून मी एकदा डोंबिवली स्टेशनला गेले," ती मला म्हणाली. "उतरल्यावर दोन दिवस आडवी होते. करवली मीच होणार. पण या डब्यात नाय."

"ताई, डबा नको ना बोलू!"

"मग काय बोलू? पाटा?"

करवलीशिवाय नवरदेव निघत नाही. म्हणजे एकतर काकांची मोठी एसयूव्ही घ्यायची, नाहीतर चार दिवसांत ही गाडी माणसात आणायची. काकांच्या गाडीत बसायची वेळ आली तर लग्न पुढे ढकलीन, असं हर्षल म्हणाला. बहिणीने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

माझं वर्कशॉप शीळफाट्याजवळ आहे. आधी वीस वर्षं शॉक ॲब्सॉर्बर बनवणाऱ्या कंपनीत होते, आता फक्त सस्पेन्शनची कामं घेते. सस्पेन्शनचा धर्म साधा आहे. खड्डा चाकाने खायचा, माणसाने नाही. स्प्रिंग धक्का झेलते आणि शॉक ॲब्सॉर्बर त्या स्प्रिंगला उड्या मारत बसू देत नाही. हर्षलने गाडी खाली बसवण्यासाठी कुणाकडून तरी ग्राइंडरने स्प्रिंगांचे वेढे कापून घेतले होते. गाडी खाली आली, दिसायला लागली झकास. पण शॉकला दबायला जागाच उरली नाही. प्रत्येक खड्ड्यात तो शेवटच्या रबरावर आपटायचा, आणि तो दणका थेट मनीषाच्या मणक्यात.

"एअर सस्पेन्शन टाकू या," हर्षल म्हणाला. त्याने मोबाइलवर रील दाखवलं. बटण दाबलं की गाडी बसते, पुन्हा दाबलं की उठते.

"फुगे, कॉम्प्रेसर, टाकी, वायरिंग. चार दिवसांत घाईत बसवलं आणि वरातीत एक पाइप गळला, तर गाडी बसेल ती उठणार नाही."

"मग गाडी खाली घेणाऱ्या नुसत्या लोअरिंग स्प्रिंगा?"

"तुझे जुने शॉक मेलेत. मेलेल्याला नवे कपडे घालून उपयोग नाही."

राहिला कॉइलओव्हर. म्हणजे स्प्रिंग आणि शॉक एकमेकांसाठी बनवलेली जोडी. खाली एक रिंग असते, ती फिरवून उंची कमीजास्त करता येते. त्यातही रेसवाला कडक सेट नाही, रस्त्यावरचा मऊ. आणि उंची कंपनीच्या मापाच्या जवळपास ठेवायची, कारण त्याच्याखाली गेलं की आरटीओ पकडतो आणि विमावाले आपल्याला ओळखत नाहीत.

"जवळपास म्हणजे किती बोटं?" हर्षलने विचारलं.

या मुलांचं माप बोटांत चालतं. टायर आणि वरची पत्र्याची कमान यांच्यामध्ये किती बोटं जातात, त्यावर गाडीची इभ्रत. त्याला एक बोट हवं होतं. मी तीन म्हटलं. दोनवर सौदा ठरला.

गुरुवारी मी घोडबंदर रोडवरच्या डीलरकडून सेट आणला. माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये इतका वेळ मिळाला, की सेटसोबतचं माहितीपत्रक दोनदा वाचून झालं. संध्याकाळपर्यंत सलीमभाईंनी चारही बाजू बसवल्या. सलीमभाई माझे मेकॅनिक, वय छप्पन्न, बोलणं कमी. मी आणि हर्षल कल्याण-शीळ रोडवर चक्कर मारून आलो. गाडी लोण्यासारखी. हर्षलने गाडीच्या बॉनेटचा मुका घेतला. सलीमभाईंनी तोंड फिरवलं.

शुक्रवारी मी स्वतः गाडी घेऊन त्याच्या गावी गेले. गाव म्हणायचं इतकंच, चारी बाजूंनी टॉवर आहेत. पण आतल्या गल्लीत जुनी रीत शिल्लक आहे. प्रत्येक घरासमोर घरमालकाने स्वतः घातलेला स्पीड ब्रेकर. शेजाऱ्याने चार इंचांचा घातला, की आपण पाच इंचांचा घालायचा. हर्षलच्या वडिलांचा गल्लीत सगळ्यात उंच होता.

मनीषा ट्रायलला बसली. तिच्यासोबत आईही बसली. मग दोन मावश्या आल्या.

"नवरीच्या जागी कोण?" मोठ्या मावशीने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता डोक्यावर पदर घेऊन मागे मधोमध बसली. धाकटी तिच्या शेजारी. आई पुढे. डिकीत आहेराच्या साड्यांची खोकी. हर्षल चालवायला.

"नवरी लाजतेय का बघा!" मावशी आतून ओरडली.

गल्लीभर हसणं पसरलं. गाडी निघाली, पहिला ब्रेकर सहज, दुसरा सहज. मग वडिलांचा ब्रेकर आला आणि पोटाखालून असा आवाज आला, जणू कुणी तवा घासतंय.

मी कपाळाला हात लावला. चूक माझी होती. वीस वर्षं कंपनीत प्रत्येक गाडी भरून टेस्ट केली, आणि इथे उंची लावली रिकाम्या गाडीवर. आमचा नवरदेव एकटा थोडाच जाणार होता?

"पाठ कशी आहे?" मी मनीषाला विचारलं.

"एकदम मस्त! झोप येत होती, तेवढ्यात घासली."

हर्षल वडिलांकडे वळला. "पप्पा, ब्रेकर थोडा तासूया का?"

"ब्रेकर हाय तिथंच राहणार. तुला नसेल जमत तर हेलिकॉप्टर आण."

मी सलीमभाईंना फोन करून बोलावलं. ब्रेकर हलत नाही आणि मावश्याही हलत नाहीत, म्हणजे रिंगच फिरवायची. त्यासाठी सगळ्यांना उतरवायचं, गाडी उचलायची, रिंग फिरवायची, गाडी खाली घ्यायची, पुन्हा सगळ्यांना बसवायचं. हे तीनदा झालं. प्रत्येक वेळी मावशी पदर घेऊन लाजत आत बसायची. तिसऱ्या वेळी सलीमभाईही हसले. मी ते पहिल्यांदाच बघितलं.

शेवटी रिकाम्या गाडीवर तीन बोटं आली. हर्षलचा चेहरा पडला.

"तुमची बोटं बारीक आहेत मॅडम. माझी घालून बघतो."

"थांब," त्याची आई म्हणाली आणि स्वतःची बोटं कमानीखाली घातली. भाकऱ्या थापून जाड झालेली बोटं, दोनच गेली. "हे बघ, दोनच हायेत. आता गप बस."

सगळे पुन्हा बसले. गाडी ब्रेकरवर चढली आणि उतरली. आवाज नाही. हर्षल काच खाली करून काहीतरी म्हणणार होता, पण त्याची नजर समोरच्या घराच्या काचेच्या दारावर पडली. त्यात स्वतःची गाडी दिसत होती. पाच माणसं आणि डिकीभर साड्या घेऊन ती बरोबर एका बोटावर बसली होती, त्याला हवी होती तिथेच.

"आयला! ताई, तुम्ही सगळे बसल्यावर काय दिसतेय गाडी!"

"म्हणजे आमच्या वजनाने?" मोठी मावशी म्हणाली.

"मावशी, तू म्हणजे माझं लोअरिंग किट!"

तिने पदर काढला आणि त्याच पदराने त्याला झोडपलं.

शनिवारी अलाइनमेंट केलं, म्हणजे चाकं सरळ रेषेत आणली. रविवारी मी वरातीला गेले. जेवायला नाही, कान लावून ऐकायला. करवली नवरीशेजारी ताठ बसली होती. बँजोवाले गाडीच्या पुढे, रील काढणारे गाडीच्या बाजूला अक्षरशः आडवे. गाडी भरलेली, म्हणून खाली बसलेली. ती वडिलांच्या ब्रेकरवरून अशी गेली, की नवरीच्या मुंडावळ्याही हलल्या नाहीत. मनीषाने काचेतून मला अंगठा दाखवला आणि उतरल्यावर तासभर नाचली. डॉक्टरांना कळलं नसावं.

लोक विचारतात, लोअर केलेल्या गाडीला चांगलं सस्पेन्शन कोणतं. महाग सेट नाही आणि स्वस्तही नाही. गाडीत रोज किंवा त्या एका दिवशी जे बसणार आहेत, त्यांना बसवून उंची लावलेला सेट.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छपाईवाल्याकडे गेले आणि जॉब कार्डवर, म्हणजे गाडी कामाला घेताना भरायच्या फॉर्मवर, एक नवा रकाना वाढवून घेतला : 'गाडीत कोण कोण बसणार? नावं आणि अंदाजे वजन.' खाली बारीक अक्षरांत : 'वजन खरं सांगावं.'